ॲलनटाउनच्या नाट्यगृहात एक संध्याकाळ

२०२३ च्या मार्च महिन्यात आम्हा उभयतांना मुलीकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. मुलगी-जावई न्यू जर्सी राज्यात एडिसन या गावी राहतात. एडिसनबद्दल आपल्या लोकांना नव्याने सांगावे असे काही नाही. तेथे मराठी कानावर पडते, कोथिंबीर मिळते, आणि तिकडून परतलेला प्रत्येकजण स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यासमोरचा फोटो दाखवतो. तो आमच्याकडेही आहे. पण वाचकांना जी गोष्ट सांगावीशी वाटते ती निराळीच आहे. ती एका ढोलाची आहे.

आमची नात तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती कॉलेजात शिकते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘ड्रम कोअर’मध्ये बेस ड्रम वाजवते. कोअर म्हणजे पथक. इंग्रजीत लिहिताना शेवटी आणखी दोन अक्षरे असतात, पण बोलताना ती गिळायची, हा तिने आम्हाला दिलेला पहिला धडा. आपल्याकडच्या लग्नातला बँड डोळ्यांपुढे आणा. त्यातली क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही वाद्ये काढून टाका. नुसती पितळी वाद्ये आणि ढोल-ताशे ठेवा. माणसे वीसाच्या जागी दीडशे करा, आणि त्या सर्वांना फुटबॉलच्या मैदानावर पावलाला पाऊल जुळवून, कधी चालत तर कधी पळत, वाजवायला लावा. बरोबर निशाणे फिरवणारी आणि लाकडी बंदुका हवेत फेकून झेलणारी मुले-मुली. हा सगळा खेळ अकरा-बारा मिनिटांचा. त्याला परीक्षक शंभरापैकी गुण देतात. वयाची मर्यादा कडक आहे. एकविसाव्या वर्षानंतरचा हंगाम नाही.

पहिल्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, मुख्यतः अमेरिकन लीजनने, ही पथके काढली. लष्कराची उरलेली बिगुले आणि ढोल स्वस्तात मिळत होते. मग चर्चच्या वस्त्यांनी आपापल्या पोरांची पथके उभी केली. न्यू जर्सीतल्याच गारफिल्ड गावी १९३४ मध्ये एका चर्चच्या छायेत निघालेले ‘कॅडेट्स’ पुढे देशभर गाजले. गल्लीतली पोरे उनाडक्या करू नयेत, त्यांना शिस्त लागावी, हा साधा हेतू. १९७२ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ॲनाहाइम किंग्जमेन पथकाने ती जिंकली. त्या काळी पथके शेकड्यांनी होती. आता काही डझन उरली आहेत.

एवढा इतिहास समजून घेण्याची पाळी आमच्यावर आली, कारण मुलीच्या घरात या ढोलावरून वाद पेटला होता. आम्ही पोचलो त्याच आठवड्यात जावई म्हणाले, “बाबा, हौसेला मोल नसतं म्हणतात. इथं पाच हजार डॉलर मोल आहे.” पथकात वाजवण्यासाठी मुलांना मेहनताना मिळत नाही, उलट मुलांनीच फी भरायची. शिवाय मे महिन्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा सगळा उन्हाळा त्यात जातो. तेवढ्यात एखाद्या कंपनीत उमेदवारी केली तर पुढे नोकरी मिळायला सोपे. जावयांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलीला दुसरी काळजी होती. रात्रीचा बसप्रवास, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपणे, आणि सोबत कोण मोठी माणसे? वर सांगितलेल्या ‘कॅडेट्स’च्या प्रमुखावर २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी आरोप केले होते आणि त्यांना पद सोडावे लागले होते. नात ज्या पथकात आहे ते हे नव्हे. तरी आईचे मन ते. तिने पथकाच्या चालकांना लेखी प्रश्न पाठवले होते. मुलींच्या झोपण्याच्या जागी रात्री कोण असते, तक्रार कोणाकडे करायची, एकट्या मुलीबरोबर एकटा शिक्षक राहू शकतो का. उत्तरे आली आणि ती बरी आली. हे प्रश्न विचारायला लाजू नये असे आमचे मत आहे. तिकडेही आणि इकडेही.

आमची अडचण मात्र पैशाची नव्हती आणि काळजीचीही नव्हती. ती आम्ही कोणाला सांगितलीही नव्हती.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी खालू बाज्यात ढोल वाजवीत. गावात लग्न असो की पालखी, पुढे वाजवत चालायचे ते आमच्या वाडीने, आणि जेवायला बसायचे सर्वांच्या शेवटी, अंगणाच्या कडेला. ती कला आहे असे कोणी म्हणत नसे. ते काम होते, आणि नाही म्हणण्याची सोय नसलेले काम होते. १९५६ नंतर वाडीने बैठक घेऊन बाजा बंद केला. आजोबांनी ढोल माळ्यावर टाकला. पुढे त्याचे कातडे उंदरांनी खाल्ले. वडील मुंबईला येऊन गिरणीत लागले. लहानपणी आम्ही पितळेच्या ताटावर बोटांनी ठेका धरला तरी ते दटावीत. म्हणत, “हात वहीवर चालू दे.” आमचे हात वहीवर चालले, मुलीचे त्याहून पुढे गेले, आणि दोन वर्षांपूर्वी नातीने फोनवर आनंदाने सांगितले की तिची ढोलासाठी निवड झाली. आम्ही ‘छान’ म्हणालो आणि फोन खाली ठेवून बराच वेळ गप्प बसलो.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात रबराच्या जाड चकतीवर टिपरू आपटत सराव करीत होती. तेव्हा काय झाले कोण जाणे, आम्ही तिला आजोबांची गोष्ट सांगितली. तिने काठी थांबवली. “केवढा होता ढोल?” आम्ही हातांनी दाखवला. “त्यांना पैसे मिळायचे?” म्हटले, धान्य मिळे, कधी नुसता नारळ. “आणि आम्ही पैसे भरून वाजवतो!” असे म्हणून ती हसली, मग तिला वाटले की हसायला नको होते. थोड्या वेळाने तिने विचारले, “आजोबा, त्यांना वाजवायला आवडायचं का?”

हा प्रश्न आम्ही कधी कोणाला विचारला नव्हता. ज्यांना विचारायचा ते १९७१ मध्ये गेले.

पथकाचा हंगाम जूनअखेरीस सुरू होतो. त्याआधी हिवाळाभर महिन्यातून एकदा शनिवार-रविवार शिबिर असते. एप्रिलच्या शिबिराच्या शनिवारी रात्री पथक पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन शहरी एका जुन्या नाट्यगृहात वाजवणार होते. मैदान नाही, धावपळ नाही, गणवेश नाहीत. जेवढे बसले आहे तेवढे आईबापांना आणि देणगीदारांना ऐकवायचे, असा बेत. जावयांनी आमची तिकिटे काढली आणि म्हणाले, “तुम्हीच ऐका आणि सांगा.” म्हणजे पंच म्हणून आमची नेमणूक झाली. संगीतात आम्हा दोघांची गती सारखीच आहे, म्हणजे नाही. शिवाय आमच्यापैकी एकाचा डावा कान अधू आहे.

सकाळी निघालो. एडिसनहून ॲलनटाउन सव्वा तासाच्या आसपास. रस्ता पश्चिमेकडे जातो आणि डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया लागते. झाडांना पालवी नुकती फुटत होती. वाटेत बेथलेहेम गावी थांबलो, कारण तेथल्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या जावयांना आम्हाला दाखवायच्या होत्या. पाच उंच, गंजलेल्या, काळ्या-तपकिरी भट्ट्या नदीकाठी ओळीने उभ्या आहेत. १९९५ मध्ये तेथले पोलाद ओतणे थांबले. आता त्यांच्या पायथ्याशी गाण्याचे कार्यक्रम होतात, आणि कच्चा माल वाहून नेणाऱ्या जुन्या पुलावर लोकांसाठी पायवाट केली आहे. आम्ही त्या पायवाटेवरून चाललो. परळ-लालबागला गिरण्यांच्या चिमण्या पाहत मोठे झालेल्या माणसाला, आणि १९८२ चा संप घरात भोगलेल्या माणसाला, तेथे फार बोलवत नाही. एवढे मात्र मनात आले की तिकडे भट्ट्या तरी उभ्या ठेवल्या.

शिबिर एका हायस्कुलात होते. दुपारी पोचलो तो मैदानावर ढोल, इमारतीमागे बिगुले, बोळात झेंडे, असा सगळीकडून आवाज येत होता. मधूनच यंत्राची एकसुरी टिकटिक, लाऊडस्पीकरवर लावलेली. नातीची भेट संध्याकाळपर्यंत होणार नव्हती. मुलगी आम्हाला पथकाच्या स्वयंपाकाच्या ट्रकाकडे घेऊन गेली. एका लांबलचक मालमोटारीतच चूल, भांडी घासायचे टाके, शीतकपाट, सगळे काही. दौऱ्यावर दिवसातून चार वेळा सुमारे दोनशे माणसांना जेवू घालायचे, आणि राबणारे बहुतेक सगळे फुकट राबणारे. कोणी मुलांचे आईबाप, कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी बसचालक. आम्ही पाहुणे आहोत हे सांगण्याआधीच आमच्या हातात एप्रन आणि कांदे आले. दोन तास कांदे चिरले. आमच्यासमोर बसलेल्या बाईंचा मुलगा तीन वर्षांपूर्वीच पथकातून बाहेर पडला होता, त्या अजूनही येत होत्या. का, विचारले तर म्हणाल्या, “घरी बसून काय करू?” आपल्याकडे गावजेवणाला बायका पहाटेपासून चुलीशी असतात, त्यांच्यापैकीच एक वाटल्या. फरक इतकाच की मोठ्या पातेल्याशी दोन पुरुष घामाघूम होऊन ढवळत होते आणि त्याचे कोणाला नवल नव्हते.

नाट्यगृह जुन्या थाटाचे. छताला सोनेरी नक्षी, तांबड्या मखमलीच्या खुर्च्या, वर सज्जा. दारातच एका आजीबाईंनी प्रत्येकाच्या हातावर पिवळ्या स्पंजाचे दोन बोळे ठेवले. कानात घालायला. आम्ही मानाने परत केले. त्या हसल्या आणि पुन्हा हातावर ठेवून म्हणाल्या, “खिशात असू द्या.”

आमच्या शेजारच्या खुर्चीवर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. अंगात विटलेले तांबडे जाकीट, पाठीवर कोण्या चर्चच्या पथकाचे नाव शिवलेले. ते पथक बंद होऊन चाळीस वर्षे झाली म्हणाले. तरुणपणी त्यात बिगूल वाजवले आणि पुढे बेथलेहेमच्या त्याच कारखान्यात अठ्ठावीस वर्षे काढली. आम्ही सकाळीच भट्ट्या पाहून आलो हे कळल्यावर ते आमच्याकडे वळूनच बसले. त्यांच्या वेळच्या बिगुलाला एकच दट्ट्या होता. १९७७ मध्ये दोन दट्ट्यांना परवानगी मिळाली, १९९० मध्ये तीन. २००० पासून कोणत्याही पट्टीची पितळी वाद्ये चालू लागली. “एका दट्ट्यावर सगळे सूर मिळत नसत,” ते म्हणाले. “मग जे मिळत नसत ते शेजारच्याने वाजवायचे.” त्यांचे गणवेश कसे झाले तेही त्यांनी सांगितले. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी बिंगोचा जुगार चाले आणि त्याच्या नफ्यातून टोप्या, बूट, बसचे भाडे निघे.

पडदा उघडला. काळ्या टी-शर्टातली शंभरावर मुले रंगमंचावर दाटीने उभी. पुढे मरिंबा, व्हायब्राफोन, मोठे टिंपनी असा उभ्याने वाजवायचा सरंजाम. मागे पायऱ्यांवर अर्धवर्तुळात बिगुले. ढोल-ताशे डाव्या अंगाला, अगदी भिंतीला टेकून. आमची नात शोधायला वेळ लागला, कारण बेस ड्रम वाजवणारे प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहत नाहीत. ढोल पोटावर आडवा. त्याचे कातडे प्रेक्षकांकडे यावे म्हणून वाजवणाऱ्याने बाजूला तोंड करायचे. तेव्हा संपूर्ण कार्यक्रमभर आम्हाला तिचा एक कान, एक गाल आणि बांधलेली वेणी एवढेच दिसले.

सुरुवात दणक्याने होईल या अपेक्षेने आम्ही खुर्चीचे हात धरून बसलो होतो. झाले उलटेच. वाद्ये खाली, आणि सगळ्यांनी तोंड मिटून एक सूर धरला. गुणगुणणे म्हणावे असे. तो सूर हळूहळू चार सुरांचा झाला. मग कधी वाद्ये ओठांना लागली ते कळले नाही. आवाज वाढत वाढत इतका झाला की तो कानांनी ऐकण्याची गोष्ट राहिली नाही. खुर्चीची लाकडी पाठ थरथरत होती. अधू कान असलेल्या आमच्यातल्या एकाने नंतर सांगितले की तो कान उगीच होता, बरगड्यांनी सगळे ऐकू आले. तिसऱ्या तुकड्याला पिवळे बोळे खिशातून निघाले. शेजारच्या गृहस्थांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

मध्यंतरात त्यांनी एक गोष्ट समजावली, ती आम्हाला फार आवडली. फुटबॉलचे मैदान शंभर यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. आवाजाला एवढे अंतर कापायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे मैदानाच्या एका टोकाच्या बिगुलवाल्याने दुसऱ्या टोकाच्या ढोलाचे ऐकून वाजवले तर प्रेक्षकांना सगळी खिचडी ऐकू येते. म्हणून कानावर विश्वास ठेवायचा नाही, उंचावर उभ्या असलेल्या ड्रम मेजरच्या हातावर ठेवायचा. मुलांना महिनोन् महिने हेच शिकवतात. आणि नाट्यगृहात आले की नेमके उलटे. येथे सगळे दहा पावलांत उभे, एकमेकांचा श्वास ऐकू येतो, कोणाची चूक गर्दीत लपत नाही. म्हणून हे गृहस्थ मैदानातला सामना एखादे वेळी चुकवतील, पण हंगामापूर्वीची ही मैफल नाही. म्हणाले, “मैदानात पथक दिसतं. इथं मुलं ऐकू येतात.”

आता ढोलाचे सांगतो. बेस ड्रम एक नसतो, पाच असतात. पहिला सर्वांत लहान आणि उंच आवाजाचा, पाचवा सर्वांत मोठा, कमरेपासून हनुवटीपर्यंत येणारा. प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि प्रत्येकाकडे तो एकच सूर. त्यामुळे एकट्या बेस ड्रमवाल्याला काहीच वाजवता येत नाही. चाल पाचांत वाटलेली असते. पहिल्याची थाप, लगेच दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या लयीत, एका ठोक्याचे चार भाग केले, तर दोन थापांमधले अंतर सेकंदाचा दहावा हिस्सा येते. तेवढ्यात स्वतःची जागा ओळखून हात खाली आणायचा. लवकर नाही, उशिरा नाही. जमले म्हणजे पाच माणसे ऐकू येत नाहीत, कोणीतरी जिन्यावरून भरभर उतरल्यासारखा एकच आवाज येतो.

आमची नात चौथी. तीन आठवडे स्वयंपाकघरात तिचा सराव ऐकून तिची जागा आम्हाला पाठ झाली होती, म्हणजे ती मधे किती मोकळे सोडते ते पाठ झाले होते. एकटीने वाजवताना ते तुटके-तुटके, अर्थहीन वाटे. टक... टकटक... मोठी शांतता... टक. नाट्यगृहात पहिल्यांदा बाकीचे चार कानावर आले आणि त्या शांततांत काय होते ते उमगले.

दुसऱ्या अंकात नुसत्या ढोल-ताशांचा एक तुकडा होता. ताशांची रांग नऊजणांची, त्यांची कातडी इतकी ताणलेली की आवाज सुपारी फुटल्यासारखा कोरडा येत होता. त्यांनी सुरुवात केली, बेस ड्रमांनी जिना उतरायला घेतला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा मधली एक पायरी गळाली. चौथी. सभागृहातल्या किती जणांना कळले असेल कोण जाणे. आम्हाला कळले. आमच्या मुलीला कळले, तिने आमचा हात दाबला. आणि शेजारच्या गृहस्थांनी मान किंचित कलती केली, तेव्हा त्यांनाही कळले असावे. नातीचा आम्हाला दिसणारा तो एक गाल लाल झाला. पण पुढची थाप जागेवर आली, तिच्या पुढचीही आली. तिने मान हलवली नाही.

त्याच वेळी, खरे सांगायचे तर, आम्हाला आजोबांचा प्रश्न आठवला. आणि उत्तर मिळाले असे काही झाले नाही. आजोबांची जागा चुकली असती तर त्यांना कोणी काय म्हटले असते, एवढेच मनात येऊन गेले.

इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. निशाणे फिरवणाऱ्या मुलींना आणि मुलांना रंगमंचावर जागाच नव्हती. त्यांनी खुर्च्यांमधल्या वाटांवर काही हालचाली केल्या, बंदुका मात्र फेकल्या नाहीत, कारण वर झुंबर होते. ड्रम मेजर मुलगी होती. एके काळी बहुतेक पथके फक्त मुलग्यांची असत आणि मुलींची वेगळी. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन स्काउट्ससारख्या नावाजलेल्या पथकाने सर्वांना प्रवेश देण्याचे जाहीर केले ते २०१९ मध्ये. एक तक्रारही नोंदवतो. पुढच्या सरंजामात दोन इलेक्ट्रॉनिक पेट्या होत्या आणि त्यांचा घुमारा लाऊडस्पीकरमधून असा काही येई की खऱ्या बिगुलांचा खर्ज त्यात बुडे. २००४ पासून ध्वनिवर्धक आणि २००९ पासून अशा पेट्या नियमात बसतात म्हणे. जाकिटवाले गृहस्थ त्या वेळी छताकडे पाहत बसत. लाऊडस्पीकरचा सोस इकडचाच आहे असे आम्ही समजत होतो.

शेवटी संचालक पुढे आले आणि ज्यांचा हा अखेरचा हंगाम आहे त्यांना त्यांनी पुढे बोलावले. एकवीस वर्षांची वीस-बावीस मुले-मुली रांगेत उभी राहिली. आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा हार-नारळ होता, भाषणे होती. या मुलांना नुसती नावे घेऊन टाळ्या मिळाल्या, आणि दोघे-तिघे डोळे पुसत जागेवर गेले. मग यंदाचा मुख्य कार्यक्रम उभ्याउभ्या वाजवून दाखवला. बरोबर आठ-नऊ मिनिटांनी, अगदी रंगात आला असताना, तो थांबला. वाक्य अर्धवट सोडावे तसा. संचालक हसत म्हणाले, “पुढचं अजून बसायचं आहे.” लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले तेव्हा पथकाने ढोल-ताशांचा तोच तुकडा पुन्हा घेतला. या वेळी चौथी पायरी जागेवर होती. दुसरीने मात्र घाई केली.

बाहेरच्या दालनात टी-शर्ट विकत होते, केक विकत होते. गर्दीतून नात आली. बोटांना पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या, खांद्यावर पट्ट्यांचे वळ. आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाली, “आजी, ऐकू आलं ना? तिसऱ्या वेळी?” खोटे कशाला बोला, म्हटले, आले. “सगळ्यांना आलं,” ती म्हणाली, आणि मग डब्यात काय आहे ते विचारले. चपात्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. तिच्या रांगेतले बाकीचे चौघेही पाठोपाठ आले. पाचवा ढोल वाजवणारा सहा फुटी पोरगा चटणी खाऊन लाल झाला, पण त्याने पुन्हा मागितली. ती दुसरी कोण, हे आम्ही विचारले नाही. ती स्वतःच सांगत होती.

मुलांना त्याच रात्री शाळेत परतायचे होते. व्यायामशाळेच्या दारापर्यंत आम्ही गेलो. आत लाकडी जमिनीवर रांगेने गाद्यांची भेंडोळी, मुलींची एका दालनात, मुलांची दुसऱ्या. मुलींच्या दाराशी एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, विणकाम करीत. आमच्या मुलीने त्यांच्याशी दोन शब्द बोलून घेतले. जावयांनी नातीची उशी गाडीतून काढून दिली आणि विचारले, “सकाळी किती वाजता उठवतात?” ती म्हणाली सात. परतीच्या वाटेवर त्यांनी आमचा निकाल विचारला नाही. आम्हीही आपण होऊन दिला नाही. नदी ओलांडल्यावर बराच वेळाने ते एवढेच म्हणाले, की फीचा पुढचा हप्ता पंधरा मेला आहे.

आम्ही जुलैत मुंबईस परतलो. ऑगस्टमध्ये पथक पुन्हा ॲलनटाउनला गेले, जे. बर्नी क्रम नावाच्या तेथल्या मोठ्या मैदानावर. पुढे २०२४ मध्ये बातमी आली की नव्वद वर्षांचे ‘कॅडेट्स’, दहा वेळा अजिंक्यपद मिळवलेले, कायमचे बंद झाले. कोर्टातले दावे आणि पैशाची ओढाताण. जाकिटवाल्या गृहस्थांची आठवण झाली.

त्या ऑगस्टच्या रात्रीचे चित्रण मुलीने फोनवर पाठवले होते. वरच्या बाकांवरून घेतलेले. मुले मुंगीएवढी दिसतात, नात कोणती ते ओळखू येत नाही. ढोल-ताशांचा तो तुकडा आला तेव्हा आम्ही दोघे फोन मधे ठेवून, बरा कान जवळ नेऊन बसलो. जिना तीनदा भरभर उतरला. चौथा ढोल वेगळा ऐकू आला नाही. पुन्हा लावून पाहिले, तरी नाही.